वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन कॅसिनोला धोका नेमका कोणाचा?

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी आणल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी वाचक खेळाविषयी विचारत असत. आता खेळात आपल्याला फसवले गेले का, असे विचारतात. त्यांतील पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

माझा भाचा लंडनमध्ये एका गेमिंग कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. गणपतीला तो घरी आला असताना विषय निघाला. परवानाधारक ऑनलाइन कॅसिनोचा खेळ हॅक करणे जवळजवळ अशक्य आहे, असे तो म्हणतो. माझे धाकटे बंधू बँकेतून निवृत्त झाले आहेत. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम माणूस फोडू शकतोच, असा त्यांचा आग्रह. कोणाचे ग्राह्य धरावे?
— एक वाचक, विलेपार्ले

तत्त्व म्हणून आपल्या बंधूंचे म्हणणे खोडता येत नाही आणि आजच्या व्यवहाराला आपल्या भाच्याचे म्हणणे अधिक लागू पडते. परंतु दोघांच्याही डोळ्यांसमोर बाहेरून येणारा चोर आहे. या धंद्याचा गेल्या पंचवीसेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर खेळाच्या निकालावर झालेले मोठे घाव आतल्या माणसांनी घातलेले दिसतात.

बंधूंच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा १९९९ सालचा आहे. प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर पत्ते पिसणारा प्रोग्रॅम एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने लिहिला होता, आणि आपली पिसणी किती प्रामाणिक आहे हे पटवून देण्यासाठी कंपनीने ती पद्धत जाहीरही केली होती. अमेरिकेतील काही सुरक्षातज्ज्ञांनी ती वाचली आणि त्यांना तिच्यातले भोक दिसले. बावन्न पत्त्यांचा कॅट जितक्या प्रकारे लागू शकतो ती संख्या आठावर सदुसष्ट शून्ये इतकी प्रचंड आहे. प्रोग्रॅम मात्र पिसणीची सुरुवात मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून करत होता, आणि एका दिवसात मिलिसेकंद भरतात फक्त ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवल्यावर तपासायच्या शक्यता दोन लाखांच्या आसपास उरल्या. हातातली दोन पाने आणि टेबलावर उघडलेली तीन पाने एवढे कळले, की त्या तज्ज्ञांचा संगणक बाकीच्यांची पाने आणि पुढे येणारी पाने सांगत असे. त्यांनी ही गोष्ट उघड केली आणि प्रोग्रॅम बदलण्यात आला.

त्या प्रकरणानंतर हा धंदा बराच शिकला. आता जबाबदार कंपन्या निकालासाठी जे रँडम नंबर जनरेटर, म्हणजे अंदाज न बांधता येणारे आकडे काढणारे प्रोग्रॅम, वापरतात, त्यांची सुरुवात घड्याळावरून न करता यंत्रातील विद्युत गोंगाटासारख्या अंदाज न बांधता येणाऱ्या स्रोतांवरून केली जाते आणि ती वरचेवर ताजी केली जाते. निकाल कंपनीच्या सर्व्हरवर ठरतो. खेळणाऱ्याच्या मोबाइलवर फिरणारे चाक हे त्या ठरलेल्या निकालाचे चित्र असते. म्हणून मोबाइलमधील ॲप फोडून पुढचा आकडा काढता येत नाही. आपला भाचा जे सांगतो आहे ते याच अर्थाने.

आता आतल्या माणसांकडे वळतो. २००७मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर एक खाते सतत जिंकत होते. त्या खात्याचे निर्णय असे असत, की प्रतिस्पर्ध्याची झाकलेली पाने दिसल्याशिवाय ते कोणी घेणार नाही. एका खेळाडूने तक्रार करून स्पर्धेची नोंद मागितली, तेव्हा कंपनीकडून चुकून सर्वांच्या झाकलेल्या पानांसकट संपूर्ण फाइलच त्याच्याकडे गेली, आणि तिच्यावरून खेळाडूंनी स्वतःच बिंग फोडले. कंपनीच्या यंत्रणेत झाकलेली पाने पाहण्याची सोय होती आणि ती आतल्या कोणीतरी वापरली होती. पुढच्याच वर्षी अल्टिमेटबेट या संकेतस्थळाबाबत तसेच उघडकीला आले आणि त्यावर देखरेख करणाऱ्या कॅनडातील कानावाके गेमिंग कमिशनने त्या संकेतस्थळाला १५ लाख डॉलर दंड ठोठावला. कुलूप शाबूत राहिले आणि तिजोरी रिकामी झाली, कारण किल्ली राखणदाराकडेच होती.

लॉटरीचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या मिळून चालणाऱ्या लॉटरी संघटनेत माहिती-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एडी टिप्टन या अधिकाऱ्याने सोडत काढणाऱ्या संगणकात असा कोड घुसवला, की वर्षातील काही ठरावीक तारखांना आकडे आधीच हेरता येण्याजोगे निघावेत. २९ डिसेंबर २०१०च्या सोडतीत १ कोटी ६५ लाख डॉलरचे बक्षीस लागले. मात्र ते घेण्यासाठी खरा मालक उजळ माथ्याने पुढे येईना आणि तिथेच संशयाला जागा मिळाली. दुकानातील कॅमेऱ्याच्या चित्रणावरून तिकीट घेणाऱ्याची ओळख पटली आणि २०१७मध्ये टिप्टनला पंचवीस वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा झाली. ज्याच्यावर पहारा सोपवला होता, त्यानेच हे केले, ही गोष्ट आपल्या भाच्याच्या तपासणीच्या कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आकडे रँडम आहेत का, हे तपासणे पुरेसे नसते. तपासलेला प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम एकच आहे का, तो कोण बदलू शकतो आणि बदलल्यास त्याची नोंद कोणाकडे जाते, हेही पाहावे लागते.

मुंबईकरांना ही शंका नवी नाही. आपल्याकडच्या आकड्यांच्या जुगाराची सुरुवात न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधील कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर झाली. ते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि इथल्या कोणाही बुकीला ते फिरवता येत नसत, म्हणून खेळणाऱ्यांचा त्यांच्यावर भरवसा होता. १९६०च्या दशकाच्या आरंभी ती सोय संपली आणि आकडा मुंबईतच, मटक्यातून व नंतर पत्त्यांतून, काढला जाऊ लागला, तेव्हा तो काढणाऱ्या माणसाच्या शब्दावर सगळा डोलारा उभा राहिला. ऑनलाइन कॅसिनोबाबतही विचारायला हवे ते हेच : आकडा जिथून येतो ती जागा चालकाच्या हाताबाहेर आहे का, आणि नसेल तर त्याच्या हातावर लक्ष ठेवणारे कोणी आहे का?

लोकलमध्ये जाता-येता मी कित्येक वर्षे पैसे लावून रमी खेळत होतो. ॲप बंद झाले, तेव्हापासून खेळलेलो नाही. पण एक शंका मनातून जात नाही. समोरचे काही खेळाडू इतक्या झटपट आणि इतक्या अचूक चाली करीत, की ती माणसे नसून बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, असावेत असे वाटे. हे ओळखता येते का? बॉट कॅसिनोच्या खेळांतही असतात का?
— एक वाचक, मुलुंड

आधी खेळांचे दोन वर्ग वेगळे करायला हवेत, कारण बॉटचा धोका दोन्हींत सारखा नाही. रूलेट (आकड्यांचे फिरते चाक), स्लॉट (चित्रे जुळवण्याचे यंत्र) यांसारख्या खेळांत खेळणारा कॅसिनोविरुद्ध खेळतो. एका शून्याच्या युरोपीय चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या ३५ पट पैसे मिळतात. या फरकातून कॅसिनोचा वाटा प्रत्येक पैजेमागे सरासरी २.७ टक्के निघतो. बॉटने शंभर रुपयांच्या हजार पैजा लावल्या, तरी एक लाखाच्या उलाढालीवर सरासरी २,७०० रुपये कॅसिनोलाच जातील. माणूस थकून उठेल, बॉट थकणार नाही, म्हणजे तो अधिक नियमितपणे हरेल. ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पाने लक्षात ठेवून फायदा काढण्याची जुनी विद्या आहे, पण संगणकावर चालणाऱ्या ब्लॅकजॅकमध्ये बहुधा प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसला जातो, त्यामुळे तीही निरुपयोगी ठरते. कॅसिनोला बॉटचा खरा उपद्रव होतो तो स्वागत-बोनस उकळण्यासाठी शेकडो खोटी खाती उघडली जातात तेव्हा, आणि तो त्रास कंपनीचा असतो, खेळणाऱ्याचा नसतो.

रमी आणि पोकर यांचे गणित उलटे आहे, कारण तिथे एका खेळाडूचे पैसे दुसऱ्याकडे जातात. संगणक या खेळांत माणसाला हरवू शकतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने २०१७मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक पोकरपटूंना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हा सामना दोघादोघांचा होता. २०१९मध्ये त्याच विद्यापीठाने आणि फेसबुकने मिळून केलेल्या प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवले. जे प्रयोगशाळेत सिद्ध झाले, त्याच्या कितीतरी साध्या आवृत्त्या पैशांच्या टेबलावर बसवता येतात. नवख्या खेळाडूंना लुटायला त्या पुरतात.

ओळखण्याविषयी विचारलेत, तर एका बाजूने पाहणाऱ्याला खात्री देणे कठीण आहे. झटपट खेळणारा माणूसही असतो. वर्षानुवर्षे रमी खेळलेल्याला तेरा पाने लावायला फारसा वेळ लागत नाही. कंपनीकडे मात्र पुरेशा खुणा असतात : दोन चालींमधला वेळ ठरावीक मर्यादेतच राहणे, बोट पडद्यावर दर वेळी त्याच ठिकाणी टेकणे, सलग वीस तास न थांबता खेळणे, एकाच प्रसंगी अनेक खात्यांनी हुबेहूब एकच चाल करणे. म्हणजे बॉट पकडले जातात की नाही, हे ते पकडण्याची कंपनीला किती गरज वाटते यावर अवलंबून असते. आणि बॉट कंपनीचाच असेल, तर ती गरज वाटण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी खेळाडू समजत असतो, की आपण दुसऱ्या खेळाडूशी खेळतो आहोत. प्रत्यक्षात तो पाने वाटणाऱ्याशीच खेळत असतो. त्या टेबलावर कौशल्याची भाषा करणेच व्यर्थ आहे.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण नमूद करतो. ज्यांच्यावर आपण बॉट म्हणून संशय घेतलात, ते एकाच खोलीत बसून एकमेकांना आपली पाने सांगणारे दोन मित्र असू शकतात. संगनमताला कोणताही प्रोग्रॅम लागत नाही, फोनवरचा एक ग्रुप पुरतो, आणि ते शोधणे बॉट शोधण्याहून अवघड असते.

मी अंधेरीत कॉलेजला आहे. टेलिग्रामवर एक चॅनेल आहे. पैसे लावायच्या विमानाच्या खेळात विमान फुटण्यापूर्वी पैसे काढून घ्यायचे असतात. ते विमान उडून कधी फुटणार, हे आधी सांगणारे ॲप ते ३,००० रुपयांना देतात. व्हिडिओमध्ये अंदाज बरोबर येताना दिसतो. हे हॅकिंग खरे असते का?
— एक विद्यार्थी, अंधेरी

नाही. तो व्हिडिओ खेळाच्या नकली प्रतीवर चित्रित केलेला असू शकतो, किंवा चुकलेले अंदाज कापून बरोबर आलेले तेवढे जोडलेले असू शकतात. दोन्ही कामे एका दुपारी होतात. या प्रकारच्या खेळांच्या अनेक आवृत्त्यांत फेरी सुरू होण्यापूर्वी निकालाच्या गुप्त बीजसंख्येचा (जिच्यावरून निकाल ठरतो त्या संख्येचा) हॅश, म्हणजे तिच्यापासून काढलेला पण उलटा न फिरवता येणारा ठसा, जाहीर केला जातो; फेरी संपल्यावर मूळ संख्या उघड होते आणि ठसा जुळतो का, हे कोणालाही पडताळता येते. त्या ठशावरून मूळ संख्या काढता आली असती, तर ते तंत्र विमानाच्या खेळावर वाया घालवायचे कोणालाही कारण नव्हते, कारण बँकांचे व्यवहारही त्याच जातीच्या गणितावर सुरक्षित राहतात.

अंदाजाची खरी चोरी झालेली आहे, हेही सांगायला हवे. २०१४मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील कॅसिनोत एका टोळीची माणसे जुन्या स्लॉट मशीनच्या फेऱ्यांचे मोबाइलवर चित्रण करून रशियातील आपल्या साथीदारांना पाठवत. तिकडे आकडेमोड होऊन बटण दाबायच्या क्षणी फोन थरथरत असे. ती टोळी गुपचूप येई, पैसे काढी आणि निघून जाई. तिने ते तंत्र कोणालाही ३,००० रुपयांना विकले नाही. तुझ्या हाती येणाऱ्या एपीके फाइलमधून (मोबाइलवर ॲप बसवण्याच्या फाइलमधून) मात्र एसएमएस वाचण्याची आणि स्क्रीन पाहण्याची परवानगी मागितली जाईल, आणि ती दिलीस, की तुझे ओटीपी तुझे राहणार नाहीत.

माझ्या मुलाने परदेशी संकेतस्थळावर खाते उघडले होते. तिथे ब्रिटिश प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवलेले होते. त्याच्या खात्यात कोणीतरी शिरले, शिल्लक गेली आणि दुसऱ्या दिवशी बँकेतूनही रक्कम गेली. आता एक माणूस फोन करून, मी हॅकर आहे, वीस टक्क्यांवर पैसे परत आणून देतो, असे म्हणतो. तक्रार केली तर मुलालाच पकडतील, अशी आम्हाला भीती वाटते.
— एक वाचक भगिनी, भांडुप

ताई, आधी तातडीचे. फोन करणाऱ्या त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि बहुतेक वेळा लुटणारे व परत आणून देतो म्हणणारे एकाच साखळीतले असतात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आजच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे तासांचाही हिशेब आहे. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले असेल, तर नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान मात्र ग्राहकाचेच धरले जाते.

मुलाला अटक होईल ही भीती सोडा. २०२५च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यांना, दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड. आणि पैशांची वाट मोकळी करून देणाऱ्यांना. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही.

खाते कसे फुटले असेल, याचा अंदाज बांधता येतो. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेतील ड्राफ्टकिंग्ज या पैजा घेणाऱ्या कंपनीची सुमारे ६८,००० खात्यांत चोर शिरले, ते कंपनीचा सर्व्हर फोडून नव्हे. इतरत्र चोरीला गेलेले पासवर्ड बॉटच्या साहाय्याने एकामागून एक लावून पाहिले गेले, आणि ज्यांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता त्यांची दारे उघडली. बॉटचा हा उपयोग पत्त्यांच्या टेबलावरच्या बॉटपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. मुलाने तोच पासवर्ड ईमेलला ठेवला असेल, तर तो आधी बदलायला सांगा, कारण ईमेल हाती आला की बाकीचे पासवर्ड नव्याने मागवता येतात. सप्टेंबर २०२३मध्ये एमजीएम रिसॉर्ट्‌स या बलाढ्य कॅसिनो कंपनीचे काम कोलमडले, तेही कर्मचारी असल्याचे भासवून मदत-कक्षाला केलेल्या एका फोनवरून; कंपनीने सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसल्याचे सांगितले. त्या चोरांना चाकावर कोणता आकडा येतो यात रस नव्हता. त्यांना ग्राहकांची माहिती आणि खंडणी हवी होती.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. ई-कोग्रा, जीएलआय, आयटेक लॅब्ज अशा खऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्या रँडम नंबर जनरेटर तपासतात. मात्र त्यांचा शिक्का हे पानावरचे एक चित्र असते आणि ते कोणालाही उचलून आपल्या पानावर चिकटवता येते. तो खरा आहे का, हे प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊनच पाहावे लागते. नामांकित कंपन्यांच्या स्लॉट खेळांच्या चोरट्या प्रतीही चालवल्या जातात. त्यांत चित्रे आणि आवाज तेच असतात, पण निकाल भलत्याच सर्व्हरवरून येतो. शिवाय शिक्का खरा असला, तरी जिंकलेले पैसे काढू दिले जातील याची हमी तो देत नाही, आणि अडवणूक झाली तर भांडुपहून दाद मागायची कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ग्राहकाला तिथल्या गॅम्बलिंग कमिशनच्या परवान्याचा आधार असतो. आपल्या राज्यात तर कॅसिनोंसाठी १९७६मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्द करण्यात आला.

मी रिक्षा चालवतो. एक ओळखीचा म्हणतो, बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो. गेमिंगचे पैसे फिरवायचे आहेत, बेकायदा काही नाही, असे तो सांगतो. द्यावे का?
— एक वाचक, घाटकोपर

देऊ नये. वरच्या पत्रातील भगिनींच्या बँकेतून गेलेली रक्कम अशाच भाड्याच्या खात्यांत उतरते आणि तिथून काही मिनिटांत पुढच्या खात्यांत जाते. परदेशी संकेतस्थळांना भारतातून पैसे घ्यायला स्वतःच्या नावाचे खाते वापरता येत नाही, म्हणून त्यांना तुमच्यासारख्यांची खाती लागतात. तक्रार आली की पोलिसांना पहिले नाव तुमचे मिळेल; खाते गोठेल आणि त्यात रिक्षाच्या हप्त्याचे पैसे असतील तर तेही अडकतील. ओळखीचा त्या वेळी फोन उचलणार नाही. कार्ड आणि सिम आधीच दिले असेल, तर आज बँकेत जाऊन कार्ड बंद करून घ्या, खात्याचा उतारा काढा, सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे घ्या आणि घडले ते बँकेला व पोलीस ठाण्यात लेखी कळवून त्यांच्या शिक्क्याची प्रत आपल्याजवळ ठेवा.